रविवारची हजेरी

बाई, आज देवळात फादरांच्या मिस्सेला माझ्या बाकावर मी एकटीच होते. मुलं मुंबईला, हे जाऊन सात वर्षं झाली, आणि शेजारी बसणारी म्हातारी पाय मोडून घरी पडलेली. प्रार्थना म्हणताना माझाच आवाज मला ऐकू येत होता. तेव्हा तुम्ही डोळ्यांपुढे आलात. पहिल्या बाकावर अशाच एकट्या, डोक्यावर पंचा घेऊन. जुन्या वहीची मागची पानं कोरी राहिली होती, त्यांवर लिहिते आहे. पाकीट आणलेलं नाही.

चौथीत तुम्ही मला मॉनिटर केलंत. रोजची हजेरी तुम्ही घ्यायचात, रविवारची मी. देवळात कोण आलं, कोण नाही, ते सोमवारी वेगळ्या वहीत लिहायचं. तीन रविवार चुकले, तर त्या मुलीने त्या वर्षी वेदीपुढे पहिला प्रसाद घ्यायचा नाही, असा फादरचा नियम. मला त्या वहीचा कोण अभिमान! सख्ख्या मैत्रिणीलाही सूट नाही. मधल्या सुट्टीत मला कुणी सागरगोट्यांना बोलवत नसे, आणि तेही मी माझ्या चांगुलपणाचंच लक्षण समजत होते. त्या वर्षी पहिल्या प्रसादाला बसणाऱ्यांत दोघी बहिणी होत्या. बाप बोटीवर आचारी, वर्षातून एकदा घरी येणारा. एका सोमवारी तुम्ही वहीवर बोट फिरवता फिरवता थांबता.

"अगो, बघितलंस का हे? एक आली की दुसरी नाही."

"दोघी आळशी आहेत, बाई."

"आळशी असत्या तर दोघी एकदमच लोळत पडल्या असत्या. पाळीपाळीने आळस कोण करतं गो?"

शाळा सुटल्यावर मला घेऊन तुम्ही त्यांच्या दारात उभ्या राहिलात. त्यांची आई मासे साफ करत होती. उठायलाही लाजली. "पांढरी ओढणी एकच आहे, बाई. उघड्या डोक्याने देवापुढे कशी धाडू? धाकटीला एकदा पंचा बांधून पाठवली, तर पोरींनी हसून हसून रडवली तिला. आता पंचा म्हटलं की खांबाला धरून बसते." आतून थोरली ओरडली, "आणि ओढणी दिली की तिला नाक पुसते!" तुम्ही मोठ्याने हसलात. मी खाली बघत राहिले. त्या पोरी म्हणजे आम्हीच होतो. दोघींचे दोन-दोन रविवार गेले होते. येत्या रविवारी एकीचा तिसरा भरणार होता.

परतताना तुम्ही एवढंच म्हणालात, "खोटं तू काही लिहिलं नाहीस. पण वर्ग तुझ्या हाती दिला, तो नुसता टिपून ठेवायला? दाराशी जाऊन विचारायचं कुणी?"

रविवारी देवळाच्या जांभ्याच्या पायऱ्यांवर तुम्ही स्वतःची ओढणी सोडता, धाकटीच्या डोक्यावर टाचता, पिशवीतून लाल काठाचा पंचा काढता आणि त्या तुमच्या परीटघडीच्या झग्यावर डोक्याला घेऊन थेट पहिल्या बाकावर जाऊन बसता. शाळेच्या मुख्य बाई! बायकांनी प्रार्थनेच्या पुस्तकाआड तोंडं लपवली. तुमच्या बाकावरच्या दोघी उठून मागे आल्या. आमच्या रांगेत खसखस पिकली, तीत मीही होते.

मिस्सेनंतर अंगणात फादर म्हणाले, "मुख्य बाईंनी असलं सोंग करावं?"

"सोंग कसलं, फादर? डोकं झाकलेलं आहे."

दोघी बहिणींनी त्या वर्षी पहिला प्रसाद घेतला. तो बघायला तुम्ही नव्हता. मे महिन्यात, आगबोटी बंद व्हायच्या आत, तुमची मुंबईला बदली झाली आणि जूनमध्ये शाळेला नव्या बाई आल्या. धक्क्यावर तुम्हाला पोचवायला त्या दोघी आणि त्यांची आई, एवढीच माणसं होती म्हणे. धाकटीने सांगितलं. मी गेले नाही. पुढे मी मॅट्रिक झाले, तेव्हा तुम्हाला कळवावं असं फार मनात होतं. पण त्याच पावसाळ्यात देवळात तुमच्या आत्म्यासाठी मिस्सा झाली.

इतकी वर्षं कन्फेशनला जाते आहे, पण एक गोष्ट तिथे कधी सांगितली नाही. पायरीवर तुम्ही ओढणी सोडत होतात, तेव्हा मी तुमच्या शेजारीच उभी होते. घर हाकेच्या अंतरावर, आणि घरी माझ्या ट्रंकेत दुसरी ओढणी होती. कोरी. आईने पुढे व्हायच्या माझ्या दृढीकरणाच्या विधीसाठी घडी घालून ठेवलेली. तेव्हा सुचलंच नाही, असं लिहिणार होते. सुचलं होतं, बाई. मळेल, असं वाटलं.