वर्षभराचा चहा

आई, तुझी भिशी बंद पडून किती वर्षं झाली, पण हल्ली बँकेच्या काउंटरसमोर उभी राहिले की मला तीच आठवते. प्रेमाने आठवते असं समजू नकोस, वैतागून आठवते. समोरचा मुलगा कॉम्प्युटरकडे बघत "मॅडम, रिपोर्टला दिसतंय ना" म्हणतो, आणि माझ्या डोळ्यांपुढे तासगावचं आपलं स्वयंपाकघर येतं, जिथे तू कुणाचा रिपोर्ट न बघता अख्ख्या गल्लीतल्या बायकांचे पैसे फिरवत होतीस. तुला यातलं काहीच माहीत नाही, म्हणून पहिल्यापासून सांगते. तू गेल्यावर मी आणि तुझ्या जावयांनी सांगलीत फ्लेक्स छपाईचं दुकान टाकलं. मशीन कर्जावर घेतलं. धंदा बरा चालायचा, कारण आपल्याकडे वाढदिवसांना तोटा नाही. प्रत्येक भाऊला आणि दादाला चौकात स्वतःचा फोटो लागतोच, आणि मागे वाघ. फोटो चौकात झळकायचा आणि बिल आमच्या ड्रॉवरमध्ये पडून राहायचं. मागायला गेलं की "वहिनी, इलेक्शन होऊन जाऊ द्या" म्हणायचे. त्यातच एका पावसाळ्यात नदी दुकानात शिरली आणि मशीन गाळात गेलं. आमचं दिवाळं निघालं. माझे दागिने गेले, जावयांचा गावाकडचा प्लॉट गेला, तरी भागेना, तेव्हा बँकेनेच तडजोड काढली: एकदम एवढे भरा, बाकीचे सोडून देतो. आम्ही हात जोडले, भरले आणि साताऱ्याला निघून आलो. मला वाटलं, सुटलो.

सुटतोय कसले. साताऱ्यात मी एका छापखान्यात कामाला लागले. लग्नपत्रिका, बिलबुकं, दहाव्याची कार्डं, जे येईल ते. मालक थकलेले, मुलगा पुण्यात नोकरीला, त्याला शाईचा वास सहन होत नाही. एक दिवस मालक म्हणाले, "ताई, माझ्यानं आता हुईना. छापखाना तुमीच घ्या. कर्ज काढा, मी थांबतो." त्या दिवशी घरी येताना मी भाजी घ्यायचंही विसरले. पुन्हा आपलं दुकान, पुन्हा सकाळी आपल्या हाताने शटर वर करायचं, एवढंच डोक्यात फिरत होतं. दुसऱ्या दिवशी बँकेत गेले तर तो मुलगा म्हणाला, "मॅडम, क्रेडिट रिपोर्टमध्ये तुमचं जुनं कर्ज सेटल्ड दिसतंय. क्लोज्ड नाही." मी म्हटलं, म्हणजे मिटलंच ना. तो म्हणाला, "मिटलंय, पण फिटलं नाही." ज्या बँकेने मला खुर्ची देऊन, पाणी पाजून तडजोडीवर सही घेतली, तिनेच त्या सहीचा डाग करून माझ्या नावापुढे लावून ठेवला होता. हे सही घेतानाच का नाही सांगितलं, असं विचारलं तर तो म्हणाला की ती शाखा वेगळी.

मग सुरू झाल्या माझ्या सांगलीच्या फेऱ्या. डाग काढायचा तर त्यांनी सोडून दिलेले पैसेही भरायचे, मग ते सगळं फिटल्याचं पत्र देणार. ठीक आहे, ओव्हरटाइम करून, जावयांनी हायवेवरच्या हॉटेलात रात्रपाळी धरून, थोडे थोडे करत तेही भरले. पत्र मिळालं. पण रिपोर्ट जिथल्या तिथे. पुन्हा एसटी, पुन्हा सांगली. जिने सही घेतली होती ती बाई बदलून गेलेली, तिच्या जागी आलेला साहेब म्हणतो, आम्ही वर कळवलंय. वर म्हणजे कुठे, ते त्यालाही माहीत नाही. रिपोर्ट काढणाऱ्या कंपनीच्या वेबसाइटवर तक्रार करायला गेले तर तिथे तयार कारणांतलं एक निवडायचं. रक्कम चुकीची, तारीख चुकीची, खातं माझं नाही. दुकानात पाणी शिरलं होतं आणि चार-दोन भावी नगरसेवकांनी बिलं बुडवली, हे सांगायला तिथे जागाच नाही. स्टँडजवळ मोबाइलच्या दुकानावर एकाचं ऑफिस आहे, तो म्हणाला, "पैसे टाका, सगळा रिपोर्ट धुवून देतो, जसं काही झालंच नाही." मी जिना उतरून आले. खरं सांगू, दोन पायऱ्यांवर थांबून विचार केला आणि मग उतरले.

आणि यातली गंमत ऐक. मी त्या मुलाला सहज विचारलं, आयुष्यात ज्याने एक रुपया कर्ज काढलं नाही त्याचा स्कोअर किती? तो म्हणाला, काहीच नाही, अशा माणसाचा भरवसा कसा धरणार. म्हणजे तू, जिच्या हातात बायका डोळे झाकून पैसे ठेवायच्या, तू आज बँकेत गेलीस तर तुला दारातूनच परत पाठवतील. मला मोठ्याने हसू आलं. शेजारचा शिपाई माझ्याकडे बघायला लागला.

तेव्हापासून ते स्वयंपाकघर डोक्यातून जात नाही. महिन्याचा पहिला रविवार. बायका भिंतीला टेकून बसल्यात, प्रत्येकीने ठरलेले पैसे तुझ्यापुढे ठेवलेत, आणि तू स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या हलवतेयस. जिचं नाव निघेल ती सगळी रक्कम घरी नेणार, पुढे वर्षभर हप्ते भरत राहणार. मी कॉमर्सला होते, तेव्हा माझं डोकं ताळेबंदाने भरलेलं. शेजारच्या काकूंचा नंबर लवकर लागला, पैसे घेतले आणि त्या यायच्याच बंद झाल्या. तू समोरून येताना दिसलीस की त्या पिठाच्या गिरणीत शिरायच्या, दळण नसलं तरी. तुझ्या तोंडचे शब्द तेव्हा मी ऐकले, ते इथे लिहीत नाही. पुढच्या वर्षीची भिशी बसायच्या दिवशी त्या दारात आल्या. उंबऱ्याबाहेर उभ्या, पदर तोंडाशी. मला वाटलं आता तू त्यांना फाडून खाणार.

तू नुसती म्हणालीस, "आत ये. थकल्यालं जमंल तसं आणून दे. नंबर तुला शेवटचा. आन् वर्सभर चहा तू करायचा. साखर वरच्या फळीवर हाय, ठाव हाय न्हवं?" काकू आत गेल्या. स्टोव्हचा आवाज आला. मला ते अजिबात आवडलं नाही. बायका गेल्यावर मी तुला म्हटलं, चारचौघींत तिला चहावाली केलीस, त्यापेक्षा दंड लाव, व्याज घे. तू डबा पुसत होतीस, वर बघितलंसही नाही. "व्याज दिलं की ती बाह्यर उभी ऱ्हाती. मला ती घरात बसाया पाह्यजे. तुझं कालेज तुझ्यापाशी ठेव." मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही. काकू मात्र दर महिन्याला येत राहिल्या, चहा करत राहिल्या, कधी पातळ, कधी गोडमिट्ट, आणि तू तो नाक मुरडत का होईना, संपवायचीस. "ह्यो चहा हाय व्हय?" असंही म्हणायचीस. वर्ष संपलं त्या दिवशी काकू सवयीने आत निघाल्या, तर तू त्यांचा हात धरून खाली बसवलंस आणि स्वतः उठलीस. पहिला कप त्यांच्या हातात दिलास. पुढे कधीतरी कुणीतरी तो विषय काढला तेव्हा तू म्हणालीस, "ते मिटलं. ज्येला उकरायचंय त्येनं दुसरी भिशी बघावी." तुझ्या मरणाला काकू सगळ्यांत आधी आल्या होत्या, आणि आल्या त्या सरळ स्वयंपाकघरात गेल्या.

बँकेतल्या मुलानेही मला वर्षच सांगितलंय. सांगलीला हेलपाटे घालून घालून शेवटी रिपोर्टमध्ये क्लोज्ड आलं, ते मोबाइलवर आलं, आणि खाली लिहिलं होतं की या संदेशाला उत्तर देऊ नये. कुणी कप दिला नाही. स्कोअर तरीही कमीच. "वर्षभर चांगलं वागा मॅडम," तो म्हणाला, माझ्या लेकीच्या वयाचा मुलगा. चांगलं वागायचं म्हणजे काय, तर आपलेच पैसे बँकेत मुदतीने ठेवायचे, त्यावर ते एक कार्ड देतात, त्या कार्डावर तूरडाळ आणायची आणि वेळेवर फेडायचं. स्वतःकडूनच उसनं घेऊन स्वतःलाच परत करायचं आणि शाबासकीची वाट बघायची. करतेय. मनातून संताप होतो, पण करतेय. आई, या सगळ्यात मला सगळ्यांत जास्त खुपतं ते हे की माझ्यावर कुणी चिडलंच नाही. सगळे सौम्य बोलतात, मॅडम म्हणतात, आणि आत घेत नाहीत.

छापखान्याचे मालक वर्षभर थांबायला तयार झाले, पण म्हणाले, "आत्ता काय तरी इसार द्या, म्हंजी मी दुसऱ्याला न्हाई म्हनंन." आणि इथे माझी भिशी आली. आमच्या कॉलनीत बायकांची एक आहे. ती चालवणारी शिवणकाम करते, सगळ्या तिला भाभी म्हणतात, जीभ थेट तुझ्या वळणाची. मी त्यात शिरले तेव्हापासून भिशी कुणाच्याही घरी असो, चहाला मी उठते. कुणी सांगितलं नव्हतं. बायका चेष्टा करतात, "हिला चहाचा लय नाद." छापखान्याचं कळल्यावर भाभीच म्हणाली, या महिन्याची चिठ्ठी काढायची नाही, रक्कम हिला द्यायची. सगळ्या हो म्हणाल्या. दोन दिवस मी आनंदात होते. मग जेवण जाईना. यांना माझं सांगलीचं काहीच ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसताना घेतलेला नंबर म्हणजे तोच मोबाइलच्या दुकानावरचा जिना.

परवाच्या रविवारी भाभीच्या घरी मी सगळं सांगितलं. दुकान, पूर, तडजोड, डाग, सगळं. तुझ्या भिशीचंही सांगितलं, काकूंच्या चहासकट. एक म्हणाली, "असू दे गं, हुतं आसं." दुसरी माझ्या पाठीवर हात ठेवायला पुढे सरकली. मला ओरडावंसं वाटलं, की असू दे म्हणू नका. भाभी दातात दोरा धरून ऐकत होती. दोरा तोडला आणि म्हणाली, "म्हंजी इतके महिने आमाला न सांगता चहा पाजलास व्हय? त्यो धरायचा न्हाई. आजपास्नं मोज. नंबर शेवटचा." कुणीतरी हसलं, पण भाभी हसली नाही. तिने खरंच चिठ्ठ्या काढल्या, आणि रक्कम पोस्टातल्या बाईला गेली.

इसार गेला. काल मालकांनी कराडच्या एकाकडून पैसे घेतले. फार संकोचून सांगितलं बिचाऱ्यांनी, आणि तुमची नोकरी राहील असं त्याच्याकडून कबूल करून घेतलंय म्हणाले. तुझे जावई नुसते रात्रपाळीची पिशवी भरत बसले. तुझ्या त्या पद्धतीपायी या वयात माझा छापखाना गेला, आणि तुला जाब विचारावा म्हणूनच मी हा कागद घेऊन बसले होते. हा कागद कुठल्याच टपालपेटीत टाकता येणार नाही, ते मला कळतं. फक्त एक कबूल करायचं राहिलंय. भाभीने स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं तेव्हा मी आत गेले, गॅस पेटवला, आणि दूध वर येईपर्यंत तोंडाला पदर लावून हसत होते. चहा पातळ झाला. भाभी म्हणाली, "ह्यो चहा हाय व्हय?" आणि सगळा प्यायली.