मुठीतले तांदूळ

२७ जुलै २०२५, रविवार

आले एकदाची! सातपूरची कोंदट खोली, वरच्या मजल्यावरचा मिक्सर आणि कारखान्यांच्या शिफ्ट सुटल्यावरचे हॉर्न, सगळ्यांना रामराम. मखमलाबादच्या पुढे मळ्यातलं दोन खोल्यांचं घर मिळालंय. मागे झेंडू, त्यापलीकडे विहीर. गोष्टी रेकॉर्ड करायला याहून शांत जागा कुठे मिळणार? शिवाय जागा आपल्या पायांनी चालत आली. माझ्या चॅनेलवरच कोणा श्रोत्याचा निरोप होता की खोली द्यायची आहे, प्रतिभाताईंनीच यावं. घरमालकीण नवसाबाई साठीच्या, एकट्या, काटक. मी मावशी म्हणून हाक मारली, तेव्हा त्यांनी मला बराच वेळ निरखलं आणि मग चहा टाकला. चहात साखर जरा जास्त होती.

३० जुलै

मावशींनी विचारलं, मी काय काम करते. सांगितलं: खऱ्या बायकांची खरी आयुष्यं. नावं बदलते, आवाज लावते, अठ्ठावीस हजार लोक कान देऊन ऐकतात. का ऐकतात, म्हणाल्या. मी माझं ठरलेलं उत्तर दिलं: माणसाला स्वतःचं एक आयुष्य पुरत नाही, आणि दुसऱ्याच्या घरात डोकावून आलं की आपलं घर जरा बरं वाटतं. त्यांनी मान डोलावली. ज्याच्या घरात डोकावलं त्याचं काय होतं, हा त्यांचा पुढचा प्रश्न. असे प्रश्न मी हसून टाळते. आजही तेच केलं.

१ ऑगस्ट, शुक्रवार

श्रावणी शुक्रवार. मावशींनी भिंतीवर जिवतीचा कागद लावलाय. पोराबाळांसाठी पुजतात ती. या घरात तर लेकरू नाही. दुपारी मला पाटावर बसवून मुठीत तांदूळ दिले. लहानपणी आईही असंच करायची: तांदूळ घेऊन कहाणी ऐकायची, मध्ये मध्ये हुंकार द्यायचा. मावशींनी बजावलं, "कहाणी पुरी झाल्याबिगर उठायचं नाय. अन् हुंकार दिला का दिला बरं, मागं घेता येत नाय."

मी उशीखाली फोन चालू ठेवला होता. फुकटचा एपिसोड कोण सोडतं?

कहाणी भलतीच निघाली. एक मुलगी रुसून कांदे साठवायच्या चाळीत लपते, घरचे संध्याकाळपर्यंत शोधतात, शेवटी बाप कांद्याच्या ढिगावर बसून रडतो. ही तर मीच! सटाण्याचं घर, माझे अण्णा! मावशींना हे कसं ठाऊक? पण ऐकायला इतकं गोड वाटलं की मी आपली म्हणत गेले, हं, पुढे? त्या म्हणाल्या, बाकीची उद्या.

३ ऑगस्ट

समाधानचा, माझ्या भावाचा फोन होता. बोलता बोलता कांद्याच्या चाळीवरून चिडवायला लागला. मला कळेना तो कशाबद्दल बोलतोय. मग वही उलटली. माझ्याच अक्षरात सगळं लिहिलेलं आहे. वाचलं, तर दुसऱ्याच कुणाचं वाटलं.

काल आणि आज पुन्हा कहाणी झाली. काल माझी शाळा, आज अण्णांचं आजारपण. आत्ता अण्णांचा चेहरा आठवायला बसले. चष्मा आठवतो. चष्म्यामागे काही नाही.

५ ऑगस्ट

रेकॉर्डिंग ऐकलं. मावशींचा आवाजच नाही. तासभर नुसती मी. हं. हं, पुढे? हं.

घाबरले, आणि मग संतापले. म्हातारी माझ्याशी खेळते काय? हिचीच गोष्ट करून अठ्ठावीस हजारांपुढे टाकते, गावात तोंड दाखवायला जागा ठेवत नाही! माहिती काढायला समोरच्या वत्सलाबाईंकडे गेले. त्यांनी दारातच आवाज खाली आणून सांगितलं.

नवसाबाईंना एकच मुलगी, भाग्यश्री. सिन्नरकडे दिलेली. लग्नाआधीचं काहीतरी होतं, पत्रं होती. ते कुणीतरी मोबाइलवर गोष्ट करून सांगितलं. नवऱ्याने ऐकलं. शिलाई मशीन आणि भुवईवरचा व्रण ऐकून ओळखलं. तिला इथे आणून टाकलं. आठव्या दिवशी ती विहिरीत सापडली.

भुवईवरचा व्रण.

दोन वर्षांपूर्वी सिन्नरच्या एसटीत एक मुलगी माझ्या शेजारी बसून रडली होती. कुणाला सांगू नका ताई, म्हणाली होती. मी नाव बदललं. व्रण बदलला नाही. व्रणामुळे गोष्ट खरी वाटते ना! चार भाग केले. चौथा पत्रांपाशी तोडला आणि लोकांना विचारलं, पुढं काय झालं असेल, तुम्हीच सांगा. हजारावर उत्तरं आली. मी सगळी वाचली, मजा घेत. पाचवा भाग केलाच नाही.

मी केलं हे. दुसऱ्या कुणी नाही.

७ ऑगस्ट

मावशींचे पाय धरले. त्यांनी पाय काढून घेतले. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, तिची कहाणी सगळ्यांना दिलीस ना वाटून, आता तुझी वाटू.

बॅग भरून फाटकापर्यंत गेले. पुढे कुठे जायचं ते आठवेना. शहराचं नाव—

परत आले. पाट मांडलेला होता.

९ ऑगस्ट

तांदूळ फेकले. विहिरीत फेकले. सकाळी मुठीत होते.

तोंड दाबून बसले तरी हुंकार येतो. आतून येतो. आणि खरं सांगू? ऐकावंसं वाटतं. पुढे काय होतं तिचं, ही ओढ — ती मीच आहे हे कळूनही —

फोनवर समाधान असं नाव दिसत होतं. कोण हा? उचलला नाही.

१० किंवा ११

आईचं नाव गेलं. आई होती. तांदूळ देणारी. का देणारी?

बाहेर झेंडूत बायका बसल्यात, ओळीने. सगळ्या कान देऊन. अठ्ठावीस हजार असतील —

एकीच्या भुवईवर —

आज

कहाणी या खोलीपर्यंत आली. एक बाई आहे, वही उघडून बसली आहे, मुठीत तांदूळ आहेत. मी म्हटलं, हं, पुढे?

मावशी थांबल्या. उठल्या. लुगडं झटकलं. "पुढं काय झालं आसंल," म्हणाल्या, "लोकांनीच सांगावं." आणि बाहेरून कडी —

पुरी झाल्याशिवाय उठता येत नाही. उठता येत नाही.

मावशी, शेवट सांगा. कसाही चालेल. विहिरीचाही चालेल. अर्धी नको, अर्धी सोडू नका —

बाहेरून हसण्याचा आवाज. पैजा लावतायत माझ्यावर. त्या बाईचं नाव काय, विचारतायत. मला माहीत आहे ते, पहिल्या पानावर आहे, आत्ता वाचलं मी, तिचं नाव