उत्तरेच्या भिंतीवरचा चंद्र

११ एप्रिल १६१६

चंद्राला डाग नसतात म्हणे! डाग नसतात!

आज फ्लोरेन्सच्या मठातून फ्रा बेनिन्यो नावाचा साधू आला. पांढरा झगा, वर काळा अंगरखा, आमचं चर्च तपासायला. बाबांनी गेल्या शरदात उत्तरेच्या भिंतीवर मारियामाता रंगवली, तिच्यासमोर उभा राहिला. तिच्या चेहऱ्याकडं बघितलं नाही. हातांकडं नाही. थेट तिच्या पायाखालच्या चंद्राकडं बोट!

"हे काय?"

"चंद्र," बाबा म्हणाले.

"असा खडबडीत?"

"दूरचं जवळ दाखवणाऱ्या नळीतून तसाच दिसतो, महाराज. डोंगर आहेत त्यावर, त्यांच्या सावल्या पडतात. ज्या सरदाराचं दालन रंगवलं ना मी, त्याच्या गच्चीवरून या डोळ्यांनी बघितलंय. तुम्हीही एकदा बघा की."

"मला बघायची गरज नाही. आकाशातली वस्तू निष्कलंक असते. ते बघून ठरत नाही."

बघून ठरत नाही! घेवड्याचं सूप न चाखताच मी मीठ जास्त झालंय म्हटलं, तर बाबा पळी फेकून मारतील मला.

१२ एप्रिल

काल पुढचं लिहवलंच नाही.

जाताना म्हणाला, "आज चंद्रावर डोंगर, उद्या म्हणाल पृथ्वी फिरते. रोमनं मार्चमध्येच त्या थोतांडावर बंदी घातलीय. संत योहानाच्या सणाला मी परत येईन. तोवर हा चंद्र गुळगुळीत व्हायला हवा. नाहीतर म्हाताऱ्यानं चौकशीला फ्लोरेन्सला यायचं."

चौकशी! बाबांचे गुडघे गेलेत, रात्रभर खोकतात. कोठडीतल्या ओलीत आठवडाभर बसवलं तरी जिवंत परत यायचे नाहीत. हे त्या मेल्याला माहीत आहे, म्हणून तर बोलला.

आणि आमचे फादर आन्सेल्मो? आमच्याच चुलीपाशी बसून चेस्टनटची भाकरी खाणारे? खाली मान घालून उभे! "होय महाराज. करून घेतो महाराज." मला ओरडावंसं वाटलं, अहो, हा चंद्र काढताना शिडी तुम्हीच धरली होती ना? तेव्हा मिटक्या मारत बघत होतात!

१९ एप्रिल

मठानं गवंडी पाठवला. छिन्नी-हातोडा घेऊन. चंद्राचा सगळा गिलावा फोडायचा, नवा करायचा, त्यावर नवा चंद्र.

मी वाटेत आडवी उभी राहिले. तेवढ्यात फादर आले. मला वाटलं, आला बाई एकदाचा कणा! कसला कणा. गवंड्याला म्हणाले, "फोडायचं कशाला? चुन्याला पैसे पडतात. ही पोरगी वरून रंगवून देईल. कोरड्यावरच. झाकलं म्हणजे झालं. जा तू."

ही पोरगी! पस्तिशी उलटली माझी, आणि मी परांचीवर चढायला लागले तेव्हा ज्याला मिशीसुद्धा नव्हती तो गवंडी दात काढून हसला.

बाबांचा जीव अडकलाय आणि ह्यांना चुन्याचे पैसे दिसतात. काय माणूस आहे! तळपायाची आग मस्तकात गेली.

२० एप्रिल

सकाळी रंग घोटताना एकदम डोक्यात उजेड पडला. हसूच फुटलं.

कोरड्यावर! बाबांनी चंद्र ओल्या गिलाव्यावर काढलाय. तो रंग भिंतीनं पिऊन टाकलाय, भिंत आहे तोवर तो आहे. मी वरून जे लावेन ते अंड्याच्या बलकात कालवून, सुक्या भिंतीवर. ते नुसतं चिकटून राहणार. आणि ती उत्तरेची भिंत, हिवाळाभर घाम फुटल्यासारखी भिजलेली असते! काही हिवाळे गेले की पोपडे निघणार. एकेक करून सगळे डोंगर वर येणार.

त्या कंजूष फादरना हे ठाऊकच नाही. चार पैसे वाचवायला गेले आणि माझा चंद्र वाचवून बसले. बरं झालं! मी थोडीच सांगतेय!

बाबांनाही सांगायचं नाही. बाबांच्या पोटात काही राहत नाही. गुत्त्यावर दुसऱ्या पेल्याला सगळ्या गावाला ऐकवतील.

२ मे

आज भांडण. मोठं.

"मी जे पाहिलं ते काढलं," बाबा म्हणाले. "ते तू फोडणार? पोटच्या पोरीनं?"

"झाकणार."

"तेच ते! हात लावलास तर तू माझी लेक नाहीस."

"नसेना का!" मी ओरडले. "तुम्ही तिकडं कोठडीत मरा आणि तुमचा चंद्र इकडं भिंतीवर मिरवू दे. मला चंद्र नको! मला बाप हवाय!"

शेजारची बेत्ता खिडकी उघडून बघायला लागली. तिच्यावरही ओरडले.

३ मे

बोलत नाहीत.

६ जून

आज हात घातला. आधी वरचा मोठा डोंगर झाकला. मग त्याची सावली, मग खालचे ते वाटोळे खड्डे. बाबांनी दिवसभर मान वाकडी करून काढले होते ते. पुन्हा दिसणार आहेत हे माहीत होतं. पण तेव्हा बाबा असतील का? हे कोण सांगणार! परांचीवर बसून रडले. रागानं रडले, दुसरं काही नाही.

तेवढ्यात खालून फादरांचा आवाज, "ओर्सोला, बलक जरा बेतानं घाल. अंडी महागलीत."

अंडी! देवाशप्पथ, भांडं डोक्यावर उपडं करणार होते त्यांच्या. असला कवडीचुंबक माणूस मी जन्मात पाहिला नाही. घातला बेतानं. मरू दे, म्हटलं. कमी बलक म्हणजे रंग आणखी लवकर सुटणार, तुमच्याच चिकटपणानं!

२४ जून

संत योहानाचा सण. फ्रा बेनिन्यो आला. मान तिरकी करून चंद्र बघितला आणि खूश. "आता कसा निर्मळ दिसतो!" अंड्यासारखा गुळगुळीत झालाय, दिसेल नाही तर काय. बाबांच्या चौकशीची गोष्ट मिटली. फादर त्याला वाकून वाकून पोहोचवत होते. मी तोंड फिरवलं.

घरी आले. बाबा भिंतीकडं तोंड करून निजलेले. आता धोका टळला होता, म्हणून कानाशी वाकून सांगितलं, "बाबा, फोडला नाही. कोरड्यावर केलाय. बलक कमी घालून."

मग खांदे हलायला लागले. मला वाटलं खोकला. पण हसत होते! "उत्तरेची भिंत!" म्हणाले. मे महिन्यातल्या भांडणानंतरचे पहिले शब्द. "आणि आन्सेल्मोला कळलं नाही?"

"त्यांना काय कळतंय कपाळ!"

बाबांनी माझा हात धरला. सोडलाच नाही.

२७ जून

चर्चची शिडी परत द्यायला फादरांच्या घरामागच्या खोपटात गेले. आत भिंतीवर गवंड्याची थापी टांगलेली. मूठ झिजून पार गुळगुळीत. "ही कुणाची?" विचारलं.

"बापाची," फादर म्हणाले. "झगा चढवायच्या आधी त्याच्या हाताखाली गिलावाच करायचो मी."

मग बाहेर कुणी आहे का बघितलं, दार ओढून घेतलं, आणि हळूच म्हणाले, "अंडी बेतानंच घातलीस ना?"