कस्तुरीच्या दातांचा भाव

१४ सप्टेंबर, रविवार

कस्तुरीचा खालचा दात हलतोय. पहिलाच. सकाळपासून जिभेने ढकलतेय आणि दर थोड्या वेळाने मला येऊन दाखवतेय. उशीखाली दात ठेवला की टूथ फेअरी तो नेते आणि पैसे ठेवते, हे तिला शाळेत कळलेलं आहे. भाव ठरवायला हवा.

आधी नोंद : ही डायरी उल्काच्या सांगण्यावरून. उल्का म्हणजे शेजारच्या घरातली, सुमेधाची मैत्रीण. शाळा सुटली की कस्तुरीला तीच घरी आणते. तिचं म्हणणं, मनातलं लिहून काढलं की मोकळं वाटतं. माझ्या मनात तसं काही साठलेलं नाही. कस्तुरीची आई, सुमेधा, जाऊन दीड वर्ष होत आलं. मी आणि कस्तुरी एकदम ओके आहोत. डायरी घरच्या ॲडमिनसाठी वापरेन.

तर भाव. उल्काच्या समरला दाताला पाच पाउंड मिळतात. पाच! मी इन्शुरन्स कंपनीत प्रायसिंगमध्ये आहे, असले आकडे ऐकून गप्प बसवत नाही. मराठी पालकांच्या ग्रुपवर विचारलं. एकीकडे पन्नास पेन्स, एकीकडे दहा पाउंड आणि वर लेगो. स्टॅनमोरच्या एका गृहस्थांनी पहिल्या दाताला वीस दिले. मोठा ड्राइव्हवे असला की माणूस असं वागतो. कार्डिफहून माझा मित्र अजय याने कळवलं, "आम्ही एक पाउंड देतो आणि ब्रश कर म्हणून सांगतो." अजय डॉक्टर आहे, त्यामुळे त्याचं मत जास्त धरलं.

निर्णय : दीड पाउंड. फर्म.

बाकीचे संकल्प : १) जानेवारीत कार्डिफला शिफ्ट. अजयच्या ओळखीने नोकरी जवळजवळ पक्की आहे, घर स्वस्त. याचा सुमेधाशी काही संबंध नाही, शुद्ध प्रॅक्टिकल निर्णय. २) महिनाअखेर सुमेधाचं कपाट रिकामं करणे. नुसते कपडे आहेत. एका दुपारचं काम.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

दात शाळेत पडला. टीचरने दाताच्या आकाराच्या छोट्या डबीत घालून दिला. कस्तुरी हसली की मध्ये खिडकी दिसते. सुमेधाला हे

गजर लावलाय. नाणी खिशात. सगळं कंट्रोलमध्ये.

२० सप्टेंबर, शनिवार, सकाळी

गजर पीएमचा लागला होता. फोनचं सॉफ्टवेअर दिवसेंदिवस बिघडतंय. सोफ्यावरच झोप लागली. जाग आली तेव्हा लख्ख उजाडलेलं. नाणी मुठीत धरून धावलो, तर कस्तुरी पलंगावर उभी. "बाबा, फेअरी आली!" डबी रिकामी. हातात एक पाउंडाचं नाणं.

माझे दीड पाउंड माझ्याच मुठीत होते.

नाणं हातात घेऊन बघितलं. जुनं, गोल. नवी बारा कोनांची आली तेव्हा ही बंद झाली, त्याला आठ वर्षं झाली. आता कुठलं दुकान घेत नाही. माझ्याकडे असलं एकही नाही. उल्काला विचारलं, रात्री आली होतीस का? ती म्हणाली, "यतीन, मी कशाला येऊ? तू जेवलास का नीट?"

काहीतरी सरळ स्पष्टीकरण असणार. झोपेत मीच ठेवलं असेल.

२१ सप्टेंबर, रविवार

नाण्याला वास येतोय. व्हॅनिलाचा. सुमेधाच्या हँडक्रीमचा.

भूतबीत मी मानत नाही. लिहून ठेवतो.

दुपारी परत वास घेतला. आहे.

३० सप्टेंबर, मंगळवार

महिनाअखेर. कपाट राहिलं. ऑफिसात क्वार्टर क्लोजिंग, वेळ कुठे. शिवाय ती खोली थंड आहे, खोकला धरेल.

४ ऑक्टोबर, शनिवार

दुसरा दात पडला, पहिल्याच्या शेजारचा. सफरचंद खाताना. मी लगेच सफरचंदं आणखी आणली. योगायोग.

आज मी मुद्दाम काहीही ठेवणार नाही. शास्त्रीय प्रयोग. खिडकी आतून बंद, मागचं दार बंद, कस्तुरीच्या खोलीच्या उंबऱ्यात बाहेरच्या बाजूला टाल्कम पावडर पसरली. कोणी आत गेलं तर पाऊल उमटेल. पैसे न मिळाल्यास सकाळी फेअरी ट्रेनमध्ये अडकली म्हणून सांगेन.

५ ऑक्टोबर, रविवार

पावडरवर एकही पाऊल नाही.

उशीखाली नाणं. जुनं, गोल. दात गेलेला.

म्हणजे दारातून कोणी आत गेलंच नाही. खिडकी बंद. मी तिथेच पायरीवर बसून राहिलो आणि मला किती हलकं वाटलं, ते लिहिता येत नाही. दीड वर्षात इतकं हलकं वाटलं नव्हतं. ती येते. पोरीचा दात पडला की ती येते. तिचीच पोर आहे, येणारच. दात घेऊन जाते आणि तिच्याकडे जे असेल ते ठेवते. बंद झालेली नाणी, बरोबर आहे. तिकडे नवी कुठून येणार?

नाश्त्याला थालीपीठ लावलं. गाणं म्हटलं. कस्तुरीला अर्थातच काही सांगितलं नाही. फक्त सहज विचारलं, रात्री काही जाणवलं का? ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बाबा, तू आज किती हॅपी आहे."

८ ऑक्टोबर, बुधवार

कार्डिफला नको म्हणून कळवलं. अजय फोनवर ओरडला, "अरे, तीन महिने मी त्या माणसाच्या मागे लागलोय! झालं काय?" मी सांगितलं, इथली शाळा चांगली आहे. तो म्हणाला, शाळा काय, कार्डिफमध्येही असतात. मी म्हटलं, एजवेअरचं हवामान सूट होतं. मग त्याने हळू आवाजात विचारलं, "यतीन, तू बरा आहेस ना?"

उत्तम आहे. पण सुमेधाला हे घर माहीत आहे. कार्डिफचा पत्ता तिला कोण देणार?

१२ ऑक्टोबर, रविवार

पुढचा नंबर वरच्या दातांचा. वाचन केलं. कधी सात, कधी आठ वर्षं लागतात. कस्तुरी अजून सातचीही नाही. हे फार उशिराचं झालं. या प्रक्रियेला थोडा हातभार लावायला हरकत नाही.

खरेदी : कणसं, कडक टोस्ट, एजवेअर रोडवरच्या दुकानातून शेंगदाण्याची चिक्की.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

रोज सकाळी टॉर्च घेऊन तपासणी. वरचा डावा किंचित हलतो. निदान मला तरी वाटतं. उजवा अजून ढिम्म.

कस्तुरी कंटाळली. "बाबा, माझे दात आहे. तुझे नाही." दात आहेत म्हणावं, मी दुरुस्त केलं. मराठी सुटता कामा नये.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

लक्ष्मीपूजन झालं. उल्का, समर जेवायला होते. मी एक पान जास्त वाढलं. उल्काने त्याच्याकडे बघितलं, तेव्हा नैवेद्याचं म्हणून सांगितलं. नैवेद्य देवापुढे आधीच ठेवलेला होता, तो तिला दिसत होता. निघताना ती दारात थांबली. "यतीन, कस्तुरी ब्रेकफास्टला चिक्की का खाते?"

कॅल्शियम, म्हटलं.

"ती हल्ली शाळेतून येताना फार गप्प असते रे."

उल्काला मुलांची नीट समज नाही. कस्तुरी शांत स्वभावाचीच आहे. सुमेधा गेली तेव्हासुद्धा ती रडली नव्हती. मीही तिच्यासमोर एकदाही रडलो नाही. घर सावरतं ते असं.

२९ ऑक्टोबर, बुधवार

हाफ टर्मची सुट्टी. आठवडाभर घरी बसून तपासणी दोन वेळा. डावा आता नक्की हलतो. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पडावा. नवीन चादर घातली. उशीला नवीन अभ्रा, सुमेधाच्या आवडीचा पिवळा.

या वेळी मी झोपणार नाही. खुर्ची टाकून खोलीतच बसेन. काय बोलायचं ते ठरवून ठेवलंय. फार काही नाही. बॉयलरचं काम झालं, हे सांगायचं. कस्तुरी वाचायला लागली, हे सांगायचं. आणि शेवटी हॉस्पिटलमध्ये मी कॉफी आणायला खाली गेलो होतो, दहा मिनिटंसुद्धा नाही, तर तेवढ्यात का, हे विचारायचं.

५ नोव्हेंबर, बुधवार

दुपारी मीटिंगमध्ये असताना शाळेतून फोन. कस्तुरीने टॉयलेटमध्ये जाऊन दात ओढला. रुमालाने धरून. दात निघाला नाही, हिरडी फाटली, शर्टभर रक्त. टॅक्सीने गेलो. टीचरच्या मांडीवर बसलेली, तोंडात कापूस, रडत मात्र नव्हती. मला बघून म्हणाली, "सॉरी बाबा. आला नाही."

अर्जंट अपॉइंटमेंट मिळाली. डेंटिस्टबाई वयस्क, बोलायला मऊ. त्यांनी तिला विचारलं, एवढी घाई कशाला? कस्तुरी म्हणाली, "माय डॅड इज वेटिंग फॉर इट." बाईंनी माझ्याकडे पाहिलं. दात तसाच ठेवलाय, आपोआप पडेल तेव्हा पडेल. आठवडाभर मऊ खाणं. दाताला कोणीही हात लावायचा नाही. कोणीही, हे त्या मला उद्देशून म्हणाल्या.

त्यांना आमच्या घरची परिस्थिती माहीत नाही.

बाहेर फटाके वाजतायत, गाय फॉक्सचे; इथे दर पाच नोव्हेंबरला उडवतात. कस्तुरीला दहीभात भरवला. ती खाताना अचानक म्हणाली, "आता कॉइन नाही मिळणार. तू सॅड होणार." मी म्हटलं, छे, मी कशाला? आणि दात पडला की येईलच की. "ते आता एकच राहिला आहे," ती म्हणाली.

काय एकच राहिलंय?

रडवेलं तोंड करून ती भात तसाच टाकून वर गेली.

६ नोव्हेंबर, गुरुवार

कालचं राहिलेलं सगळं लिहून काढतो. ऑफिसला सुट्टी टाकली आहे.

मी वर गेलो तर कस्तुरी आमच्या खोलीत. सुमेधाच्या कपाटाचं दार उघडं, आणि ती आत, कपड्यांच्या खाली, गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. मी त्या कपाटाला दीड वर्ष हात लावला नव्हता. ती रोज शाळेतून आली की तिथे जाऊन बसते, असं म्हणाली. उल्का खाली चहा करत असते तेव्हा. "आईचा वास आहे इथे. संपत चालला आहे."

मी खाली जमिनीवर बसलो. तिने निळ्या कोटाच्या खिशात हात घातला आणि गोल नाणं काढून माझ्या हातावर ठेवलं. सुपरमार्केटच्या ट्रॉलीच्या कुलपात घालायला सुमेधा असली जुनी नाणी जवळ ठेवायची. हँडक्रीमची ट्यूबही त्याच खिशात होती, टोपण सैल झालेलं.

"तू ठेवलंस?" मी विचारलं.

तिने हो म्हणून मान हलवली. मग एकदम बोलायला लागली, अर्धं इंग्लिश, अर्धं मराठी. समरने शाळेत सांगितलं होतं, टूथ फेअरी खरी नसते, ती आपली मम असते. "मग मला वाटलं, आपल्याकडे कोण येणार? मी उठली तर दात तिथेच होता. तू सोफ्यावर झोपली होती. सगळे स्कूलमध्ये विचारतात, हाऊ मच डिड यू गेट. मग मी स्वतःच घेतला."

"आणि दुसऱ्यांदा?"

"पहिल्या वेळी तू त्या कॉइनचा वास घेत होती. मग मला वाटलं, तुला पाहिजे. झोपायच्या आधीच आणून ठेवला."

पावडर दाराबाहेर. ती आतच. मी प्रायसिंगमध्ये आहे.

माझ्या तोंडाकडे बघून ती घाबरली. "मी चोरी नाही केला, बाबा. एक कॉइन घेतला की एक दात ठेवला. आईला दिला." तिने पुन्हा खिशात हात घालून दाखवलं. तळहातावर दोन दात. तांदळाएवढे.

मग मला आवरलं नाही. तोंडावर हात ठेवला तरी आवाज यायचा तो आलाच. बराच वेळ. कोटाची बाही तोंडात धरली. मला वाटलं पोर घाबरून पळेल. ती कपाटातून बाहेर आली, माझ्या समोर बसली आणि माझं तोंड खालून वाकून बघायला लागली.

"आपल्या घरात रडायला अलाउड आहे?" तिने विचारलं.

मी म्हटलं, हो.

"मी पण?"

हो म्हटलं. तू पण.

८ नोव्हेंबर, शनिवार

अजयला फोन केला. कार्डिफची जागा भरली. पुण्याचाच कोणी मुलगा घेतला.

दोघंही उशिरा उठलो. तिचा स्विमिंगचा क्लास बुडाला. कचऱ्याच्या बिन्स बाहेर ठेवायच्या राहिल्या, आता पुढची गाडी पंधरा दिवसांनी. दुपारी उल्काने सूप आणून दिलं, आमचे सुजलेले डोळे बघितले आणि आमच्याबरोबर बसून राहिली.