टेकडी की खड्डा

११ नोव्हें., मंगळ.
गोविंदपुऱ्याला, कारखान्यात पोचलो तर साहेब रफीकभाईवर ओरडत होते. आठ इंची काच. शनिवारी मी तिच्यावरच्या प्रकाशपट्ट्यांचा फोटो काढून संगणकाला दिला, तो म्हणाला मधे टेकडी. र.भाईला मधलं घासायला सांगितलं. काल संध्याकाळी मोजली तर टेकडी दुप्पट.
"बाईस साल से पॉलिश कर रहे हो! जानबूझ के किया?"
र.भाई काच पुसत राहिला. मी मधे पडलो नाही.

१२, बुध.
डोक्यातून जात नाही. शनिवारी र.भाईने नमुन्याची सपाट काच वर ठेवून बोटाने दाबून दाखवली होती. "देखिए, गोले अंदर भाग रहे हैं. गड्ढा है." मी म्हणालो, उँगली का जमाना गया. काय मिजास माझी!
सा.नी त्याला घरी बसवलंय. सोमवारी सगळ्यांसमोर फैसला. तोवर मी अहवाल द्यायचा: कारागिराची चूक.
सही केली नाही. नाही असंही म्हणालो नाही.

१३, गुरु.
आज जुन्या पद्धतीने मोजलं. मोजायच्या यंत्रातला आरसा केसाहून कमी सरकवायचा, फोटो. परत सरकवायचा, फोटो. असे पाच. अर्धा दिवस जातो, बाहेरून ट्रक गेला तरी पट्टे थरथरतात, म्हणून गेल्या वर्षी मीच ती पद्धत बंद करवली. एका फोटोत काम होतं म्हणून सा.नी पाठ थोपटली होती.
दोन्हींचा आकडा सारखाच. फक्त एकात अधिक, एकात उणे.
खड्डा आहे.
परत केलं. खड्डाच.

१४, शुक्र.
सापडलं. एकट्या फोटोला टेकडी की खड्डा ते आपणहून कळत नाही. आरसा कुठल्या बाजूला कललाय ते आपण सांगायचं असतं. दिवाळीच्या सफाईत मीच आरसा काढून परत बसवला, उलट्या बाजूला कलवून. संगणकाला सांगायचं राहिलं. म्हणजे र.भाईने मी सांगितलं तेच केलं. खड्डा वाढला, मला टेकडी वाढलेली दिसली. लाज वाटते, दुसरा शब्द नाही.
सा.ना सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं. "और दिवाली के बाद जो पीस गए, उनका क्या? पार्टी को पता चला तो ताला लगेगा यहाँ. रफीक को मैं कहीं और लगवा दूँगा. आप साइन करो."

१५, शनि.
र.भाईच्या घरी गेलो. सगळं सांगितलं. चिडला असता तर बरं झालं असतं. चहा दिला. मग म्हणाला, "सोमवार को सबके सामने बोल दोगे?"
"देखता हूँ."
तो कप उचलून आत गेला. बराच वेळ बाहेर आला नाही.
शाहपुऱ्याला, घरी, सुनंदाला सांगितलं. "बघतो काय बघतो? तुमची नोकरी राहावी म्हणून त्याची अब्रू जाऊ द्यायची?" मग दिवसभर बोलली नाही. आमच्या घरात ही मोठीच शिक्षा.

१७, सोम.
बोललो. सगळ्यांसमोर, उभं राहून. अहवाल बिनसहीचाच टेबलावर ठेवला. सा. केबिनमध्ये गेले. माझं काय करायचं ते ठरवतील.
र.भाई आलाच नाही. सकाळी आठलाच येऊन आपलं सामान घेऊन गेला, चौकीदार सांगत होता. परवा 'हो' म्हणालो असतो तर थांबला असता.
तीनदा फोन केला. वाजतो. उचलत नाही.