ह्यांच्या फोटोपुढची नळी आणि तिची वायर

शाजिंग, शेनझेन
डिसेंबरचा दुसरा आठवडा

तीर्थस्वरूप मोठ्या वन्सं,

तुमच्या सुजलेल्या पायांना इथूनच, धक्का न लावता, वाकून नमस्कार. तिकडे बँकॉकच्या डॉक्टरांनी तुमचं मीठ बंद केलं हे हानवू भावोजींकडून कळलं, आणि त्यावर तुम्ही डॉक्टरच बदललेत हेही त्यांच्याचकडून कळलं. नवे डॉक्टर समजूतदार निघोत. इकडे मी बरी आहे. जेवते. (तुम्ही दर फोनला विचारता म्हणून आधीच लिहून टाकलं.) पत्र पाहून नवल वाटेल, पण फोनवर बोलून निरोप पाठवला की तुम्ही तो चहाच्या वेळी सगळ्यांसमोर मोठ्याने लावता आणि तो संपायच्या आत उत्तर देऊ लागता. शिवाय माझा जन्म शाळेत गणित शिकवण्यात गेला. लिहून सांगायची सवय आहे, तोंडी सांगताना माझं नेहमी अर्धं राहतं.

विषय तुम्हाला ठाऊक आहे. ह्यांना जाऊन शंभर दिवस होतील तेव्हा तुम्ही येणार, आणि त्या दिवशी फोटोपुढची ती व्हेपची, म्हणजे विजेवर ओढायच्या सिगारेटची, नळी, तिची वायर आणि भिंतीतला चार्जर, सगळं घराबाहेर गेलं पाहिजे असं तुम्ही फर्मावलंत. भावोजींनी ते सगळ्या नातेवाइकांना कळवलं. मला सगळ्यात शेवटी कळवलं, पण नळी माझ्याच घरात असल्यामुळे कळवावं तर लागलंच. त्यावर मला काय वाटतं ते शेवटी लिहिते. त्याआधी ही वस्तू तिथे कशी येऊन बसली आणि तिने काय काय केलं ते एकदा ओळीने सांगते, कारण तुम्ही जे पाहिलंत ते भावोजींनी धरलेल्या फोनमधून पाहिलंत.

ह्यांची सिगारेट सुटली ती भावोजींमुळे. भावोजी व्हेपच्या कारखान्यात परदेशी माल धाडायच्या खात्यात, त्यामुळे परत आलेल्या नळ्या घरी आणायचे. वापरून फेकायच्या नळ्या. ह्यांनी पहिलीच नळी उलटी करून पाहिली आणि विचारलं, "फेकायची आहे तर खाली चार्जिंगचं भोक कशाला?" भावोजी म्हणाले, "दादा, आतलं तेल संपायच्या आधी बॅटरी संपते, म्हणून." हे म्हणाले, "म्हणजे मोठी बॅटरी घालायला हात आखडला, असं सरळ सांग ना." तिथून जे भांडण सुरू झालं ते वर्षानुवर्षं दर रविवारी चहावर चाललं. भावोजींचं म्हणणं, नळीवरचा दिवा विझला की वायर काढावी, रात्रभर लावून ठेवू नये, फोनच्या जलद चार्जरला तर मुळीच लावू नये, आणि बॅटरी पार रिकामी होऊ देऊ नये. ह्यांचं म्हणणं, बॅटरीला कडकडून भूक लागू द्यावी आणि मग पोटभर वाढावं. "पोरांना वाढवलंय मी," असं हे म्हणायचे. (आम्हाला एकच मुलगी, आणि तिला जेवायला मी वाढत असे.)

ह्यांचा चार्जर चहाच्या किटलीच्याच बोर्डावर असायचा, आणि त्या बोर्डाला दोन वस्तू एकदम सोसत नसत. त्यामुळे आमच्याकडे पाहुणा आला की आधी नळीचं पोट भरेपर्यंत बसायचा, मग पाणी तापायचं. मागे नवीन वर्षाला तुम्ही आला होतात तेव्हा चहाला एवढा उशीर का झाला, तर म्हणून. तुम्ही तेव्हा माझ्याकडे पाहिलंत. लग्नाला गेलं तरी हे आधी प्लग कुठे आहे ते विचारायचे, मग नवरी कुठे आहे ते. छातीच्या डॉक्टरांनी दिवसाला किती ओढता विचारलं तर म्हणाले, बॅटरी टिकेल तेवढी. डॉक्टरांनी तसंच लिहून घेतलं.

आता फोटोचं. आपल्याकडे गेलेल्या माणसाला सिगारेट प्रिय असली तर ती पेटवून उदबत्तीसारखी राखेत उभी करतात, ती आपोआप जळते आणि ज्याची त्याला पोचते. भावोजींनी पहिल्या दिवशी तेच केलं. तेव्हा फोनवरून तुम्हीच ओरडलात, "त्याने सिगारेट सोडली होती ना? मेल्यावर परत लावताय का?" म्हणून ह्यांची रोजची निळी नळी, लीचीच्या वासाची, फोटोपुढे तीन कप चहाच्या शेजारी ठेवली. पण नळी आपोआप जळत नाही. कुणीतरी ओढावी लागते. भावोजी म्हणाले, मी ओढतो एक झुरका. तुम्ही म्हणालात, "त्याला उष्टं देतोस?" मग असं ठरलं की निदान दिवा तरी लागलेला असावा. चार्जिंगला लावली की दिवा लागतो. लावली. पण भरली की तो विझतो. तो विझला की तुम्ही तिकडून विचारायचात, हानवेन रागावला का. मग भावोजी वायर काढायचे, परत लावायचे. ज्या माणसाने जन्मभर सांगितलं की भरलेल्या नळीला वायर लावू नका, तो माणूस भावाच्या फोटोपुढे तेच करत बसायचा. फोटोतले हे तेव्हा जरा हसल्यासारखे वाटायचे, पण तो फोटोच तसा आहे.

तिसऱ्या सातव्याला, म्हणजे एकविसाव्या दिवशी, जे घडलं ते असं. मंत्र म्हणणाऱ्या बायका यायच्या आधी भावोजींनी नळीवर पडलेली उदबत्तीची राख फुंकली. ती उडाली नाही, भोकात गेली. मंत्र ऐन रंगात आले आणि नळी सुं सुं करू लागली, दिवा लागला आणि तोंडातून पांढरी वाफ निघाली. घरभर लीची. बायका थांबल्या, सगळे गुडघ्यावर. थोड्या वेळाने वाफ थांबली आणि दिवा लुकलुकला. ह्यांच्या मामेबहिणीने लुकलुकणं मोजून संध्याकाळी लॉटरीचं तिकीट घेतलं. काही लागलं नाही. ती म्हणाली, हानवेनचं गणित जिवंतपणीही कच्चंच होतं, बायको मास्तरीण असून. तुम्ही फोनमधून, "कॅमेरा जवळ ने. आणखी जवळ. हानवेन, थंडीत गुडघ्याला तेल लाव बरं." भावोजी पांढरेफटक पडले होते ते भावाच्या दर्शनाने नव्हे. राख आत गेली की नळी अशी आपणहून पेटते, आणि दहाएक सेकंदांनी स्वतःच थांबून लुकलुकते, हे त्यांना पाठ आहे. त्याच तक्रारीवरून ह्या नळ्यांचे खोके कारखान्यात परत आले होते. पण जमलेल्या आत्या-मावश्या "केवढं भाग्य" म्हणत रडत असताना हा परत आलेला माल आहे असं कोण सांगणार. तेही गुडघ्यावर बसले आणि सगळ्यात खाली वाकले.

त्यानंतर तुमची स्वप्नं सुरू झाली. पहिल्यात हे रिकामी नळी चोखत उभे होते. म्हणून मी, गेलेल्यांना पोचावं म्हणून जाळतात त्या कागदी सामानाच्या दुकानात गेले. तिथे कागदी मोटारी, कागदी एसी, कागदी पत्त्यांची टेबलं, सगळं होतं आणि व्हेपच्या कागदी नळ्यांचा पुडाही होता, दहा वासांचा. जाळला. दुसऱ्याच दिवशी तुमचं स्वप्न, नळी मिळाली पण वायर नाही. परत गेले. दुकानाची मालकीण म्हणाली, "बाई, सुटी वायर येत नाही. फोनच्या संचात येते. फोन घ्या, वायर आलीच." मी विचारलं, ती नळीला बसेल का. ती म्हणाली, "हल्ली सगळ्याला एकच वायर चालते. तिथे तर कंपन्याच नाहीत, तिथे का नाही चालणार?" उत्तर बरोबर वाटलं. फोनचा संच घेतला.

तो जाळायला खाली इमारतीच्या शेगडीपाशी गेलो तर भावोजींनी संच हातात घेतला, चष्मा लावला आणि थांबले. "वहिनी, हा चार्जर एकशेवीस वॉटचा आहे." मी म्हटलं, भावोजी, हा कागदाचा आहे. म्हणाले, "छापलंय ना पण. नळीला हा लावला तर बॅटरी फुगेल. दादा ऐकणारा आहे का? रात्रभर लावून ठेवील." मागे लोक आपापली पुडकी घेऊन रांगेत उभे. एक म्हातारा म्हणाला, "अहो, जाळायचंय की दुरुस्त करायचंय?" भावोजींनी पेन मागितलं, आकडा खोडला आणि वर 'पाच' असं लिहून खाली सही केली, कारखान्यात करतात तशी. मग जाळलं. जाळताना ते पुटपुटत होते, "दिवा विझला की काढायची, दादा. ऐक माझं एकदा तरी." मी शेगडीकडे बघत राहिले. त्या दोन भावांचं भांडण तेवढ्यावर मिटलं असं मला वाटतं, म्हणजे दुसऱ्या बाजूने उत्तर आलं नाही.

त्यापुढे कुणालाच न उलगडलेली गोष्ट अशी की फोटोपुढच्या नळीची बॅटरी उतरू लागली. भावोजी दर रविवारी येऊन पाहतात. नुसती पडून असलेली नळी महिनाभर भरलेली राहते, ही तर दोनतीन दिवसांत रिकामी. त्यांनी वायर बदलली, चार्जर बदलला. "वहिनी, हे होऊच शकत नाही." तुम्ही तिकडून म्हणालात, "काय होऊ शकतं ते तुझ्या कारखान्याला काय कळतंय?" आणि मग हळू आवाजात म्हणालात की तो येतो. संध्याकाळी येतो, ओढतो आणि जातो. ते ऐकून भावोजींनी नाक पुसलं. मी चहा करायला आत गेले.

आणि आता तुमचं शेवटचं स्वप्न, हे उंबऱ्यात उभे आहेत, पायात वायर गुंतली आहे, म्हणून पुढे जाता येत नाही. तेव्हा नळी निघालीच पाहिजे. भावोजींनी तयारीही केली आहे. जाळता येत नाही, स्फोट होईल. कचऱ्यात टाकायची नाही. ते ती कारखान्यात नेऊन जुन्या बॅटऱ्यांच्या पिंपात टाकणार आहेत, झाकण लावून. एवढीच एक गोष्ट मी तुम्हाला आजवर सांगितली नव्हती, वन्सं. शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात नर्सने ह्यांना ओढायची बंदी केली होती. हे ओढत नव्हते. पण रोज मला नळी चार्जिंगला लावायला सांगायचे, बेडमागच्या प्लगला, नर्सची पाठ वळली की. ओढायची नाही तर भरायची कशाला, असं मी विचारलं. म्हणाले, "भरलेली असू दे. घरी जाताना रस्त्यात लागेल." घरी मी एकटीच आले, आणि नळी माझ्या पिशवीत होती, पूर्ण भरलेली. तेव्हापासून ती उतरू द्यायची नाही एवढंच मी ठरवलं. त्यामागे दुसरा विचार नव्हता. वायर कुणाच्या पायात गुंतेल हे माझ्या लक्षात आलं नाही.

तरी तुम्ही मोठ्या आहात, आणि आई गेल्यापासून ह्यांना तुम्हीच वाढवलंत. तुमचा शब्द मी कधी मोडला नाही. शंभराव्या दिवशी तुम्ही सांगाल तसं होईल. नळी, वायर, चार्जर, तिन्ही पिशवीत घालून तयार ठेवीन.

तुमच्या पायांना आराम पडो, नव्या डॉक्टरांनाही तुमच्या हाताखाली सुख लागो.

तुमची भावजय,
पेइलान

ता. क. तुमच्यासाठी खालचीच खोली लावून ठेवली आहे, जिना चढावा लागणार नाही. तुमचं ते नाकाला लावून हुंगायचं औषध भरपूर आणा, इथल्याने तुम्हाला नाक उघडल्यासारखं वाटत नाही असं मागच्या वेळी म्हणालात. फोटोपुढे बसून हुंगलंत तरी चालेल, ह्यांना सवय आहे.

ता. क. दोन. नळी उतरते त्याबद्दल. हे येत नाहीत, वन्सं. ती मी ओढते. संध्याकाळी भांडी झाली की खुर्ची फोटोपुढे घेते आणि ओढते. पहिल्यांदा खूप खोकला आला. आता येत नाही. ह्या वयात लीचीचा धूर सोडत बसलेली बाई चांगली दिसत नाही हे मला समजतं, म्हणून पडदा लावून घेते. उष्टं म्हणाल तर ती आधी ह्यांनीच उष्टी केलेली आहे. आतलं तेल अजून बरंच आहे, मी उजेडापुढे धरून पाहिलं. भावोजींना सांगू नका, त्यांनी माझ्यापायी तीन चार्जर बदलले.

ता. क. तीन. पत्र मुळात ह्यासाठी लिहिलं. हानवू भावोजी माझं ऐकत नाहीत, पण तुमच्या स्वप्नापुढे त्यांचं तोंड उघडत नाही. तेव्हा विमानात बसायच्या आधी अजून एक स्वप्न पाहावं, ही विनंती. मोठं नको. ह्यांनी यावं, पायातली वायर सुटलेली असावी, आणि म्हणावं, नळी पेइलानकडे राहू दे. कारण सांगू नये. ह्यांनी जन्मात कधी कशाचं कारण सांगितलं नाही, त्यामुळे सगळ्यांना खरं वाटेल. आणि पायांच्या दुखण्याने झोप लागत नसेल, तर जागेपणी पाहिलंत तरी माझी हरकत नाही. आधीची कशी पाहिलीत, ते मी कधी विचारलं नाही.