इंजिनाच्या दारातला चेहरा

४ फेब्रुवारी

सापडलं! वडिलांचं इंजिन सापडलं. फोटोवाल्या काकांच्या पत्र्याच्या पेटीत, जुन्या निगेटिव्हच्या ढिगात. नंबर आईला तोंडपाठ आहे. माझ्याकडूनही तिने लहानपणी घोकून घेतला होता. वाफेच्या इंजिनांच्या काळात ड्रायव्हर आणि कोळसा घालणारा फायरमन अशा एका जोडीकडे एकच इंजिन असायचं. म्हणजे यातला फायरमन माझे वडीलच!

मी पाळण्यात असताना ते तापाने गेले. घरात त्यांचा एकही फोटो नाही. आई म्हणते, "काढू काढू म्हणता राहिलाच." माझी पन्नाशी आली, तरी वडील म्हटलं की डोळ्यांपुढे नुसता धूर येतो.

५ फेब्रुवारी

काकांनी प्रिंट काढला. इंजिन काय झळकतंय! खाली चाकाशी एक जण पाठमोरा वाकलाय — ड्रायव्हर असणार, तेल घालणं त्याचंच काम. वर दारात दुसरा. तेच वडील. पण चेहऱ्याच्या जागी नुसता काळोख.

"मला इंजिनं हवी होती रे," काका म्हणाले. "माणसांना म्हणायचो, सरका बाजूला! बायको चिडवायची, त्या इंजिनाशीच लग्न लावायचं होतंत."

"म्हणजे चेहरा नाहीच यात?"

"आहे. बाहेर काढावा लागेल. रविवारी ये."

६ फेब्रुवारी

देवाकडे काही मागायचं नाही, असं ठरवून बरीच वर्षं झाली. आज मागितलं.

कामावर निघालो तर आई नेहमीसारखी दारात. मी कोपऱ्यावर वळेपर्यंत बघत राहते. रोज मागे वळून ओरडतो, "आत जा गं, ऊन लागेल!" ऐकेल तर शपथ.

९ फेब्रुवारी

अंधारखोली. लाल दिवा. कागदावर उजेड पडत असताना चेहऱ्यावर हाताची सावली धरायची, म्हणजे तेवढी जागा काळी पडत नाही. "हात हलता ठेव, नाहीतर कड उमटते," काका म्हणाले. मी हात हलवत राहिलो, नजर कागदावर.

कागद रसायनाच्या ट्रेमध्ये बुडवला. आधी चाकं आली. मग दार. सगळ्यात शेवटी चेहरा — मिशा, डोक्याला फडकं, ओठांत हसू. माझ्यासारखे अजिबात दिसत नाहीत. असू दे. काकांनी दोनदा हाक मारली तेव्हा भानावर आलो.

संध्याकाळी आईच्या हातात दिला. तिने चष्मा पुसून पाहिलं.

"हे ड्रायव्हरमामा. भला माणूस."

मी प्रिंट परत घ्यायला हात पुढे केला.

"आणि हे तुझे वडील." बोट चाकाशी वाकलेल्या त्या पाठीवर. "मामांचे गुडघे धरलेले. तेल घालायला हेच उतरायचे."

"पण आई, तोंड कुठं दिसतंय? नुसती पाठ."

"मग? पाठ नाही का ओळखणार मी? रोज दारात उभी राहून तीच तर बघायचे."

बराच वेळ त्या पाठीवरून बोट फिरवत बसली.

१० फेब्रुवारी

कामावर निघालो. आई दारात. आज मागे वळलो नाही. कोपऱ्यापर्यंत सावकाश चाललो.